वृद्धाश्रमात कार्यक्रम ठेवला तर कोणी येतच नाही, काय करावं?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा दिसते की तालुक्याच्या गावाबाहेर नवीन वृद्धाश्रम सुरू होऊन आठ महिने झाले, 31 जण राहतात, तुम्ही सकाळी योगा, अकराला वाचन, दुपारी कॅरम, संध्याकाळी भजन असं छापील टाइमटेबल भिंतीवर लावलं, आणि येतात ते रोजचे तेच चार-पाच जण, बाकीचे बाजेवर पडून पंख्याकडे पाहतात. वरून एक दाता मोठा टीव्ही आणि दोन कॅरम बोर्ड देऊन राहिला, ते घ्यायचं की नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका आश्रमाचं काम सतरा वर्षांपासून पाहते. आधी नर्स होती म्हणून गोळ्या-औषधं वाटायला ठेवलं होतं, मग हळूहळू सगळंच गळ्यात पडलं. तुमच्यासारखं टाइमटेबल मी पण केलं होतं, रंगीत स्केचपेननी, वर गणपती काढून. दीड महिन्यात मीच वैतागले. एक आबाजी होते आमच्याकडे, बारा एकराचे कास्तकार, ते कशालाच येत नव्हते, एक दिवस मी त्यांच्या बाजेजवळ जाऊन जरा चिडूनच विचारलं की आबाजी सगळं तुमच्यासाठीच करून राहिलो ना आम्ही, मग काहून येत नाही? ते म्हणाले, "बाई, मी नाई आलो त कोणाचं काई अडते काय?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण खरंच काही अडत नव्हतं. त्यांच्याशिवाय योगा होत होता, भजन होत होतं, कॅरमला तर चारच जण लागतात. आणि या माणसाचं त्याच्याआधी सगळं आयुष्य असं गेलं की हे उठले नाही तर बैल सुटत नव्हते, पेरणी थांबत होती, लग्नात पंगत बसत नव्हती. आपण त्यांना एकदम अशा जागी आणून बसवतो जिथे त्यांच्यावाचून काहीच अडत नाही, आणि मग म्हणतो चला टाळ्या वाजवा.

तेव्हापासून मी एकच हिशोब ठेवला. कोणतीही गोष्ट सुरू करायच्या आधी मनात विचारायचं की अमुक आजी आज आली नाही तर कोणाचं काय अडेल. काहीच अडणार नसेल तर तो करमणुकीचा भाग, असू द्यावा, पण त्याला गर्दी होईल अशी अपेक्षा नाही ठेवायची.

उदाहरण सांगते. आपल्याकडे कापूस म्हणजे काही दुर्मिळ वस्तू नाही. आमच्या आजूबाजूच्या वावरवाल्यांकडून दरवर्षी दहा-पंधरा किलो कापूस फुकट मिळते, शेवटच्या वेचणीचा, कवडी, म्हणजे हलका माल, असला तरी चालते. त्याची सरकी हातानं काढायची, पेळू (कापसाच्या नळ्या) करायचे आणि वाती वळायच्या. हे कोणत्या बाईला शिकवावं लागत नाही. पहिले आम्ही वाती वळून डब्यात भरून ठेवायचो आणि कोणी पाहुणे आले की दाखवायचो, तेव्हा तीन बाया बसायच्या, त्याही कंटाळून. मग गावातल्या मारुतीच्या देवळातल्या पुजारीबुवांशी बोलले, की कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत महिनाभर काकडा असते तुमच्याकडे, रोजच्या वाती आमच्याकडून घ्या, विकत आणू नका. ते हो म्हणाले. दुसऱ्या वर्षी काय झालं की आमच्याकडे दोघी-तिघी सर्दी-तापानं पडल्या आणि वाती गेल्याच नाही. संध्याकाळी बुवा स्वतः सायकलवर फाटकाशी हजर, म्हणे माय उद्या पहाटेचं काय करू? त्या रात्री ताप असलेल्या बाया सोडून बाकी सगळ्या, ज्या कधी खोलीबाहेर आल्या नव्हत्या त्यासुद्धा, जेवणाच्या टेबलाला खुर्च्या लावून नऊ वाजेपर्यंत वाती वळत बसल्या. एकीला मोतीबिंदूनं दोन्ही डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, तिची वात सगळ्यात सरळ. बोटाला चिमूटभर राख लावायची, कापसाची पेळू धरायची आणि तळहातावर एकदाच पुढे ओढायची, पुन्हा मागे नाही. मागे गेली की वात फुगते म्हणे. मी आजही वळली की फुगतेच.

यात एक गोष्ट नर्स म्हणून सांगते. बोटांचे सांधे सकाळी आखडलेले असतात, म्हणून हाताचं काम दहाच्या आधी सुरू नाही करायचं. आणि खाली सतरंजीवर बसवायचं नाही, कितीही सवय आहे म्हणाल्या तरी. खाली तासभर बसून एकदम उठलं की बीपी खाली येते, डोळ्यापुढे अंधारी, आणि खुब्याचं हाड मोडलं की मग सहा महिने गेले, कधी कधी माणूसच गेला. हात टेकायच्या खुर्च्या घ्या, प्लॅस्टिकच्या बिनहाताच्या नको. टीव्हीवाल्या दात्याला सांगून पहा की साहेब याच पैशात वीस खुर्च्या येतात. पण खुर्चीवर नाव टाकून फोटो काढता येत नाही म्हणून बहुतेक नाही म्हणेल.

स्वयंपाकघराचंही तसंच. आमच्याकडे सकाळी गहू-तांदूळ निवडणं, सांबार निवडणं (म्हणजे कोथिंबीर, पुण्या-मुंबईकडचे कोणी वाचत असतील तर), लसूण सोलणं, तुरीचे सोले काढणं हे बाया-माणसं मिळून करतात. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सरगुंडे. सुरुवातीला आमची स्वयंपाकवाली बाईच विरोधात होती, तिचं म्हणणं की या दहा आज्या दोन तास लावतात आणि मी एकटी अर्ध्या तासात करते, वरून पसारा मलाच उचलावा लागते. तिचं खरंच होतं. पण मी तिला म्हटलं की तुझा अर्धा तास वाचवणं हा या घराचा उद्देश नाही. एक मात्र पक्कं ठेवा, आज्यांच्या कामावर स्वयंपाक अवलंबून ठेवून बाई कमी करायची नाही. संचालक मंडळात कोणी ना कोणी हुशार निघतोच, जो म्हणतो की मग एक पगार वाचवू. त्या दिवशी ते काम राहत नाही, बिगारी होते. ज्याला आज नाही करायचं त्यानं नाही केलं तर जेवण वेळेवर आलंच पाहिजे. तुम्ही म्हणाल आधी सांगते अडलं पाहिजे आणि आता सांगते अडू देऊ नका. हो, दोन्ही. अडणारी गोष्ट शक्यतो घराच्या बाहेरची पाहिजे, देवळाची, शाळेची, गावाची. जेवण आणि औषध कोणाच्या मर्जीवर ठेवायचं नाही.

पुरुषांचं कठीण आहे, खरं सांगते. बाया कुठेही दोघी भेटल्या की तासाभरात एकमेकींच्या सुनांपर्यंत पोचतात. माणूस बाज फाटकाकडे तोंड करून टाकते आणि बसते. त्यातून खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी. आमच्याकडे नवीन येणाऱ्या दहातल्या सात-आठ आबाजींच्या खिशात खर्ऱ्याची पन्नी असतेच, आणि तो बंद केला की पहिले पंधरा दिवस माणूस कोणाशीच नीट बोलत नाही, त्या काळात त्याला भजनाला बोलावणं म्हणजे भांडण विकत घेणं. थांबा थोडं.

माणसांसाठी आमच्याकडे सगळ्यात चाललेली गोष्ट तुम्हाला हसू येईल, फाटकाजवळचा ओटा. कडुलिंबाखाली सिमेंटचा, पाठ टेकायला भिंत, आणि समोरून रस्ता जाते. सकाळी साडेसातची एसटी, दहाची, मग दुपारची, शेवटची संध्याकाळी. कोण उतरलं, कोणाच्या घरी पाहुणे, कोणाची सोयाबीन चालली, कोणाच्या ट्रॅक्टरचा हप्ता थकला, सगळं तिथे कळते. आधी फाटक बंद राहायचं आणि आत कंपाउंडच्या भिंतीला लागून बेंच होते, झाडांकडे तोंड करून, कारण इंजिनियरला वाटलं म्हाताऱ्यांना शांतता पाहिजे. शांतता कोणाला पाहिजे हो? आयुष्यभर गावात राहिलेला माणूस, त्याला रस्ता पाहिजे. मी बेंच उचलून ओट्याजवळ आणले, आणि डोकं भ्रमलेले दोघे होते त्यांच्यासाठी ओट्यावर कोणी ना कोणी लक्ष ठेवणारं नेमलं. तुमच्या खर्चाच्या यादीत हे पहिल्या नंबरवर घ्या.

दुसरी गोष्ट तान्हा पोळा. तुमच्या गावातही होतच असेल, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडाचे बैल सजवून आणतात. आमच्या गावात तो शाळेच्या मैदानात व्हायचा. एका वर्षी पावसानं चिखल झाला आणि मुख्याध्यापकांनी विचारलं की तुमच्या शेडमध्ये घेऊ का, तेव्हापासून आमच्याकडेच आहे. पण नुसतं पोरं येऊन नाचून गेले असते तर तो पण एक कार्यक्रमच. आमच्याकडे एक सुतारकाम केलेले काकाजी होते, पोळ्याच्या महिनाभर आधीपासून गावातल्या पोरांचे मोडके बैल त्यांच्याकडे यायला लागले, कोणाचं चाक गेलं, कोणाचं शिंग, कोणाचा पाय. पोट्टे शाळा सुटली की दप्तरासकट थेट यायचे आणि त्यांच्या डोक्यावर बसायचे, "काकाजी माह्या झाला का?" हे त्यांच्यावर ओरडायचे, आणि आतून खूश. बक्षीस कोणाला द्यायचं ते बाकीचे आबाजी ठरवायचे, आणि ते काय चेहरा पाहून देत नव्हते, बैलाची ठेवण पहायचे, वशिंड, खूर, शिंगाची कमान, लाकडाच्या बैलाची हो! एका पोराच्या बापानं बाजारातून महागडा चकचकीत आणला होता, त्याला कोणी विचारलंच नाही, "हा त बैल नाई, हे टोणगा दिसते," म्हणून बाजूला केला. बाप नाराज. मी मध्ये पडले नाही.

त्याच शेडमध्ये एक आबाजी होते ज्यांना अर्धांगवायू होऊन गेला होता आणि स्मृती पण गेलेली, हो-नाहीपलीकडे बोलत नव्हते. पोरांनी बैल तोरणाखाली रांगेत लावले आणि हे खुर्चीवरून एकदम खणखणीत आवाजात झडती (पोळ्याला बैलांपुढे म्हणतात ती) म्हणायला लागले, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव," आणि पोरांनी सवयीनं पुढची आरोळी ठोकली. तीन झडत्या म्हटल्या पूर्ण, न अडखळता. आम्ही सगळे पाहतच राहिलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा हो-नाही, काही चमत्कार वगैरे झाला नाही. पण यामागे कारण आहे, जुनी पाठ झालेली गाणी, ओव्या, आरत्या, झडत्या हे बोलण्यापेक्षा मेंदूत वेगळ्या जागी आणि जास्त खोल बसलेलं असते, रोजचं बोलणं गेलं तरी ते बरेचदा शिल्लक राहते. म्हणून नवीन माणूस आला की मी त्याच्या मुलाला बीपी-शुगरच्या आधी विचारते की बाबा काय गुणगुणायचे, आई जात्यावर काय म्हणायची, कोणत्या दिंडीत होते. बरेचदा मुलाला माहीत नसते. मग सूनच सांगते.

बायांसाठी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई मांडा. हे आपल्या विदर्भातल्या, खानदेशातल्या बायांना वेगळं सांगायला नको. मातीची भुलाबाई-भुलोजी, ज्वारीच्या धांड्याचा मखर, संध्याकाळी गाणी, शेवटी खाऊ ओळखायचा. गावातल्या पोरींना आता गाणी येत नाहीत, मोबाइलवर लावतात, तर आम्ही गावात सांगून ठेवलं की गाणी शिकायची असतील तर पोरी इकडे पाठवा. आणि खाऊ ओळखण्याचा खेळ म्हणजे काय भारी प्रकार आहे पहा, डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, गोड का तिखट, कुरकुरीत का मऊ विचारायचं, आणि आठवून नाव सांगायचं. ऐकणं, वास, आठवण, बोलणं, चारही एका डब्यात. एका आजीनं तर नुसता डबा कानाशी धरून सांगितलं होतं, "फुटाणे हायेत, पण जुने हायेत," आणि खरंच मऊ पडले होते. फक्त खाऊमध्ये कडक लाडू, चिक्की नको, दात नसतात आणि काहींना गिळताना ठसका लागते. शुगरवाल्या जास्त असतील तर उकडलेल्या शेंगा, काकडी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाबद्दल मुद्दाम सांगते कारण इथे मी स्वतः चुकली. पहिल्या वर्षी गावातल्या महिला मंडळानं आमच्याकडे हळदीकुंकू ठेवलं, मी आनंदानं हो म्हटलं. आमच्या एकोणीस बायांमधल्या सोळा विधवा. तिघींना वाण मिळालं, बाकीच्या आपापल्या खोलीत दार लावून बसल्या, मला हे संध्याकाळी कळलं. दुसऱ्या वर्षीपासून आम्ही स्वतः ठेवतो, सगळ्यांना हळद, कुंकू, वाण, कोणाला नको असेल तर ती नाही म्हणेल, पण ताट तिच्यापुढे थांबणार. पहिल्यांदा चार-पाच जणींनी कपाळ मागे घेतलं. आता गावातल्या पण येतात. 2022 मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो पेपरमध्ये आला तेव्हा मी आमच्या वाचनाच्या वेळेला मोठ्यानं वाचून दाखवला. एक आजी म्हणाली, "ठराव कायले लागते, बाईनं बाईले लावावं."

वाचनावरून आठवलं, तुमचं अकराचं वाचन फेल जाते कारण ऐकू येत नाही, एवढं साधं आहे. कोणी सांगत नाही की मला ऐकू येत नाही, ते फक्त यायचं बंद करतात. वर्गासारख्या रांगा लावू नका, गोल बसवा, वाचणाऱ्याच्या तोंडावर उजेड पाहिजे, म्हणजे ओठ दिसतात, पंखा खडखड करत असेल तर तेवढा वेळ बंद. आणि वाचायचं काय तर संपादकीय नको. बाजारभाव, कापूस-तूर-सोयाबीन काय भाव चालली, पाऊस, मग निधन वार्ता. निधन वार्तेला सगळ्यात जास्त शांतता असते आमच्याकडे.

वेळेचं पण पहा. चंद्रपूर, अकोला, वर्धा, यवतमाळ, आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास आणि वरही जाते, आणि वय झालं की तहानच लागल्याची जाणीव कमी होते, त्यात बीपीची लघवी जास्त करणारी गोळी चालू असेल तर बघायलाच नको. मार्च ते जून आमचं सगळं पहाटे साडेपाच ते साडेआठ आणि मग संध्याकाळी सहानंतर (हाताचं काम संध्याकाळीच), मधल्या वेळात फक्त दार-खिडक्यांच्या ताट्या ओल्या ठेवायच्या, दर दीड तासानं कोणाच्या तरी हातात पन्ह्याचा किंवा ताकाचा जग देऊन फिरवायचं. हा जग फिरवणारा पण आमच्यातलाच एक आबाजी, अत्यंत खडूस माणूस, ग्लास रिकामा झाल्याशिवाय पुढे सरकत नाही. मला तसाच पाहिजे होता.

आता दात्यांचं, कारण तुमच्याकडे सुरू झालंच आहे. एका वर्षी मे महिन्यात एका मोठ्या माणसाच्या वाढदिवसाचं फळवाटप ठेवलं होतं आमच्याकडे, वेळ दिली दहाची, आम्ही सगळ्यांना धुतलेले कपडे घालून शेडमध्ये बसवलं, आणि मंडळी आली साडेबाराला. वर टिन, भाषणं पाच. एक आजी खुर्चीतच कलंडली, अंग भट्टीसारखं तापलेलं. ओल्या चादरीत गुंडाळून गाडीत घालून नेलं, वाचली, पण चार दिवस तिला माणूस ओळखू येत नव्हतं. तेव्हा उशीर त्यांचा झाला असेल पण बसवून मी ठेवलं होतं, अकरा वाजताच सगळ्यांना उठवून आत न्यायला पाहिजे होतं, आणि मी भिडेखातर नाही नेलं. त्यानंतर आमच्या ऑफिसात पाटी आहे, कार्यक्रम पाऊण तास, दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांनंतर आबाजी-आज्या आत जातील, केक नाही, भाषण एक, फोटो विचारून. काही दाते तुटले. तुटू द्या. जे राहिले ते चांगले आहेत, त्यातला एक तर दर महिन्याला येऊन नुसता मेंढीकोट खेळून जातो आणि शेंगदाण्यावर हरतो.

शाळेची पोरं येतात तेव्हा आधी शिक्षकांना सांगून ठेवा की "तुम्हाला घरून काहून काढलं" हे विचारायचं नाही. विचारतातच नाहीतर. पोरांना काहीतरी मागायला पाठवा, द्यायला नाही. म्हणजे जुने खेळ विचारा, पावसाची नक्षत्रं विचारा, मृगाचं वाहन कसं ओळखतात ते विचारा, बैलबंडीच्या सगळ्या भागांची नावं लिहून आणा असं होमवर्क द्या. त्या होमवर्कवरून आमच्याकडे दोन आबाजींचं भांडण झालं होतं, एक दिग्रसकडचा, एक उमरखेडकडचा, एकाच लाकडाला दोघांच्या गावात दोन नावं. आठ दिवस बोलणं बंद. मला तर छान वाटलं, भांडायला काहीतरी आहे म्हणजे माणूस जिवंत आहे.

सहलीचा विषय तुम्ही काढला नाही पण लवकरच काढाल. 75 च्या वर एसटी फुकट आहे 2022 पासून, 65 ते 75 ला अर्धं तिकीट आणि बायांना सगळ्या वयात अर्धं, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही, प्रश्न संडास-बाथरूमचा आणि पायऱ्यांचा आहे. गुरुकुंज मोझरीला आम्ही जातो, तुकडोजी महाराजांची समाधी आहे, आमच्याकडचे अर्धे लोक लहानपणापासून सामुदायिक प्रार्थना म्हणत आलेले, खंजिरी वाजवणारे दोघे आहेत, पण पुण्यतिथीच्या गर्दीत चुकूनही नेऊ नका, साधा मंगळवार-बुधवार पहा. पण खरं सांगू का, तीर्थयात्रेपेक्षा आठवडी बाजार जास्त चालते. प्रत्येकाच्या हातात पन्नास रुपये, स्वतःचे, आणि एक तास. काय घ्यायचं आम्ही विचारत नाही. एकीनं पन्नासचे पन्नास रुपये बोरांवर घालवले आणि आल्यावर सगळ्यांना वाटले. घासाघीस करताना त्यांचे चेहरे पहा तुम्ही.

स्वतःचे पैसे म्हटलं म्हणून, श्रावणबाळ किंवा निराधार योजनेचे महिन्याचे पंधराशे ज्यांना लागू आहेत त्यांचं पासबुक कोणाकडे आहे ते एकदा तपासा. बरेचदा मुलाकडे असते. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागते, तेव्हा तहसीलमध्ये नेतानाच खातं-आधार सगळं सरळ करून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे उपविभागीय अधिकाऱ्याकडे मुलाविरुद्ध निर्वाह खर्चाचा अर्ज पण करता येते, पण आमच्याकडे आज्या सही करत नाहीत, पोराचं नाव खराब होते म्हणतात. जबरदस्ती करू नका.

आणि मतदार यादी. हे मी कोणालाही सांगते तेव्हा हसतात. बहुतेकांची नावं जुन्या गावच्या यादीत असतात, फॉर्म 8 भरून आश्रमाच्या पत्त्यावर आणा. 2024 च्या लोकसभेला 85 च्या वरच्यांसाठी घरी येऊन मत घ्यायची सोय होती, आमच्याकडच्या एका आजीनं घरच्या मताला चक्क नकार दिला, म्हणे बूथवर जाईन, बोटाला शाई लोक पाहतात. 26 एप्रिल, कडक ऊन, सकाळी सातला आम्ही सगळ्यांना घेऊन रांगेत. फायदा सांगू का, तीसेक मतं एका जागी आहेत म्हटल्यावर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी आपोआप फाटकासमोर लाइट लागला, नाली साफ झाली. आता ग्रामसभेला, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आमचे तीन-चार आबाजी जातातच, तेच बारा एकरवाले पहिल्या रांगेत. त्यांच्याशिवाय पाण्याच्या टाकीचा विषय कोणी काढत नाही म्हणे. अडते.

संध्याकाळच्या भजनाला न येणाऱ्यांत काही जण तिन्हीसांजेला बेचैन होणारे असतील, ते नीट पहा. स्मृती गेलेल्यांना दिवेलागणीला घरी जायचं असते. आमच्या एका आजीचं रोज सहाला सुरू व्हायचं, वासरू सुटलं, मले जाऊ दे. तिला घर इथेच आहे असं समजावून काही उपयोग नाही, उलट रडारड. मी तिला म्हणायची, आजी वासरू बांधलं मी, तुम्ही दिवा लावा. आणि तुळशीजवळचा दिवा तिच्याकडेच दिला, वाती आमच्याच. वाद घालू नका एवढंच. पण जो माणूस परवापर्यंत ठीक होता आणि दोन दिवसांत एकदम भ्रमल्यासारखा, झोपाळू किंवा भांडखोर झाला, तो कार्यक्रमाला आला नाही म्हणून सोडून देऊ नका, लघवीचं इन्फेक्शन, शुगर, संडासला साफ न होणं, पाणी कमी, नवीन चालू झालेली गोळी, यातलं काहीतरी असते, लगेच डॉक्टरला दाखवा. आणि दोन-तीन आठवडे जेवण, झोप, गप्पा सगळ्यातलंच मन उडालं असेल तर तो आळस नाही, डिप्रेशनवर औषध असते, या वयातही लागू पडते.

कोणी गेलं तर काय करायचं हे तुमच्याकडे अजून आलं नसेल, येईल. आम्ही पहिले रात्रीच मागच्या दारानं न्यायचो, बाकीच्यांना धक्का नको म्हणून. सकाळी बाज रिकामी, गादी उन्हात. चार महिन्यांत तिघं गेले तसे, आणि लोक रात्री दाराला कडी लावून झोपायला लागले. मग एका आजीनं मला सरळ विचारलं, "मले बी मांगून नेशान काय?" आता पुढच्या दारानं नेतो, शेडमध्ये तासभर ठेवतो, ज्याला पाणी घालायचं त्यानं घालावं, खंजिरीवाले दोघं भजन धरतात, तिसऱ्या दिवसापासून तेरवीपर्यंत संध्याकाळी त्यांच्याच आठवणी. त्या भजनाला मात्र सगळे येतात हो, न बोलावता.

आणि जे काहीच करत नाहीत, वात नाही, बाजार नाही, ओटा नाही, त्यांना राहू द्या. आमच्याकडे एक मास्तर होते, आठ वर्ष फक्त खिडकीत बसले, मी सुरुवातीला फार मागे लागले त्यांच्या. त्यांनी एकदा हात जोडले, म्हणाले बाई, चाळीस वर्ष घंटेवर उठलो-बसलो. मी टाइमटेबल त्या दिवशी भिंतीवरून काढलं.

टीव्ही घ्या, पण जेवणाच्या खोलीत नका लावू, बोलणं बंद होते, आणि रिमोट रोज वेगळ्या माणसाकडे, नाहीतर एकच जण दिवसभर बातम्या लावते. कॅरम पण घ्या दोन्ही, बोरिक पावडर विसरू नका. म्हातारे फारसे खेळणार नाहीत, आताच सांगते. ओट्याजवळ ठेवा, शाळा सुटली की पोट्टे येतात खेळायला.